प्रवासवर्णनाचे कान

दरवर्षी दसऱ्याच्या सुटीआधी शाळेची सहल जाऊन आली की नववीच्या मुलांना ‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहायला सांगायचा, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यापासून माझ्या वाट्याला शिकवण्यापेक्षा सह्याच अधिक येतात. पण हे निबंध मात्र मी हट्टाने स्वतः तपासतो. मध्यंतरी एका वर्षी सहल गोकाकच्या धबधब्याला गेली होती. पाऊस नुकताच उघडलेला, घटप्रभा दुथडी भरलेली. पण चाळीस-एक वह्या वाचून झाल्यावर मी चष्मा काढून नुसता बसून राहिलो. जवळपास प्रत्येक निबंधात एक वाक्य होते : ‘तिथे आम्ही खूप फोटो काढले.’ आणि बहुतेक निबंध त्या वाक्यापाशीच संपले होते.

मुलांना सहलीत फोन आणायची परवानगी नसते. पण शिक्षकांचे फोन असतात, आणि ते हातोहात फिरतात. तेव्हा दोष मुलांचा म्हणता येणार नाही.

मनात काही शंका आली म्हणून मी कपाटातले जुने हस्तलिखित अंक काढले. १९९८ सालच्या अंकात गोकाकच्याच सहलीवरचा एक निबंध सापडला. शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो भयंकरच होता. पण त्या मुलाने लिहिले होते की, झुलत्या पुलावर पाऊल ठेवताच फळ्या करकरू लागल्या आणि वर्गात कधी गप्प न बसणारे गुरुजी एकदम गप्प झाले. धबधब्यापाशी एकमेकांशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागत होते, आणि बसमध्ये बसल्यावरही सगळे उगाचच ओरडून बोलत होते. करदंट विकणाऱ्या बाईशी त्याने कानडीत घासाघीस केली ती आणि तिने त्याला दिलेले उत्तर, दोन्ही देवनागरीत जसेच्या तसे उतरवले होते. त्या सहलीत एकच कॅमेरा होता, तोही चित्रकलेच्या शिक्षकांच्या गळ्यात.

दोन्ही निबंध शेजारी ठेवून पाहताना लक्षात आले की, फरक हुशारीचा नाही, शब्दसंग्रहाचाही फारसा नाही. जुन्या निबंधाला कान होते. नव्या निबंधांना फक्त डोळे होते, आणि ते डोळेही उसने होते. प्रवासात फोटो किती काढावेत आणि प्रवास किती भोगावा, हा प्रश्न एरवी शिस्तीचा किंवा आवडीनिवडीचा म्हणून सोडून देता येईल. पण आपल्या प्रवासवर्णनाचे त्यात काय हरवते आहे, हा वाङ्मयाचा प्रश्न आहे, आणि या लेखात मला तोच मांडायचा आहे.

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण पुन्हा पुन्हा वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यापाशी येतो. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली हा गरीब भिक्षुक उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. महू, ग्वाल्हेर, झाशी असे करीत, झाशीचा वेढा आणि पाडाव डोळ्यांनी पाहून तो घरी परतला. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक त्याने लिहिले ते त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. आणि ते छापले गेले १९०७ साली. पंचवीस वर्षांनी लिहिताना त्याच्यापुढे ना रोजनिशी होती, ना एखादे चित्र. तरी कोण काय बोलले, कुठे काय शिजले, कोणत्या अफवेने कोण घाबरले, हे तो ओटीवर बसून सांगावे तसे सांगतो. त्याचे तपशील इतिहासकारांनी तपासावेत. मला सांगायचे आहे ते इतकेच की, त्याची आठवण ही मुख्यतः ऐकलेल्याची आठवण आहे. तो ज्या मुलखातून गेला, तिथे कानावर येणाऱ्या बातमीवर जीव अवलंबून होता. असा माणूस नीट ऐकतो.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे म्हणावे असे आहे. काकासाहेब कालेलकर जन्माने साताऱ्याचे. पण बेळगावजवळचे बेळगुंदी हे गाव आणि तिथली मार्कंडी नदी त्यांच्या लेखनात आहे. वडोद्याच्या ज्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते, ती १९१२ साली बंद पडली आणि ते पायी हिमालयात गेले. त्या प्रवासावरचे पुस्तक त्यांनी काही वर्षांनी लिहिले, तेही गुजरातीत. कानडी मुलखाच्या कडेला वाढलेला एक मराठी माणूस गुजरातीत हिमालय लिहितो, यात बडोदे, बेळगाव अशा गावांतल्या वाचकाला नवल वाटू नये. दोन-तीन भाषांच्या कोलाहलात वाढलेल्याचा कान तयारच असतो. ‘लोकमाता’ या त्यांच्या पुस्तकातल्या नद्या वाचताना मला नेहमी वाटते की, हा लेखक नदी पाहण्याआधी तिच्याशी बोलायला बसतो.

तिसरे नाव अर्थातच पु. ल. देशपांडे. ‘अपूर्वाई’ (१९६०) हे मराठीतले सर्वांत लाडके प्रवासवर्णन. त्या पुस्तकासोबत आपल्याला आठवतात ती शि. द. फडणीसांची रेखाचित्रे, आणि फडणीसांचा जन्मही आपल्याच जिल्ह्यातल्या भोज गावचा. छायाचित्र जागेवर एका क्षणात निघते. रेखाचित्राला आधी मजकूर वाचावा लागतो, त्यावर हसावे लागते, मग हात उचलावा लागतो. म्हणून ती चित्रे लेखनाची जागा बळकावत नाहीत, लेखनाच्या शेजारी येऊन बसतात.

पण पुलंच्या कानाची खरी साक्ष ‘अपूर्वाई’हूनही मला ‘गणगोत’मधल्या ‘रावसाहेबां’त मिळते. बेळगावच्या कृष्णराव हरिहर यांचे हे व्यक्तिचित्र आपल्या भागात कुणाला माहीत नाही? पुलं काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, तेव्हाचा हा स्नेह. आता कल्पना करा, त्या काळी पुलंच्या खिशात आजच्यासारखा फोन असता. रावसाहेबांचे पन्नास फोटो निघाले असते. पण कानडीच्या वळणावर चालणारे, लिंगभेदाला न जुमानणारे त्यांचे ते मराठी, त्यातले प्रेम आणि शिव्या, हे त्या पन्नास फोटोंतल्या एकात तरी आले असते काय? रावसाहेब आज जिवंत आहेत ते ऐकले गेले म्हणून.

आता आपल्या आजच्या दिवाळी अंकांकडे वळू. काश्मीर, केरळ, युरोप, व्हिएतनाम. प्रवासलेखांना तोटा नाही. संपादक मंडळी रागावणार नाहीत अशा आशेने स्पष्ट लिहितो : यांतले बरेच लेख हे लेख नसून फोटोंखालच्या ओळी आहेत. ‘समोर बर्फाच्छादित शिखरे दिसत होती’, ‘निळेशार पाणी मन मोहून टाकत होते’, ‘हे सौंदर्य शब्दांत वर्णन करणे अशक्य’. अशक्य का? तर लेखक शब्दांत वर्णन करायला बसलेलाच नसतो. तो फोनमधले फोटो एकेक पुढे सरकवतो आणि जे दिसते ते लिहितो. फोटोत नसलेले काहीही लेखात येत नाही. गाडीवाल्याचे नाव येत नाही, खानावळीतल्या भांडणाचा आवाज येत नाही, रात्री खोलीत झोप का लागली नाही ते येत नाही. अशा लेखात सगळे हवामान चांगले असते, कारण वाईट हवामानात फोटो काढलेला नसतो.

ही टीका करताना मी स्वतःला वगळत नाही. काही वर्षांपूर्वी एका अंकासाठी मी बदामी-पट्टदकलवर लेख लिहिला होता. अलीकडे तो पुन्हा वाचला. चार गुंफांतले खांब, पायऱ्या, मूर्ती, अगस्त्य तीर्थाचे पाणी, सगळे जागच्या जागी आहे. आणि त्या लेखात एकही माणूस तोंड उघडत नाही. बदामीत माकडे आहेत, धुणी धुणाऱ्या बायका आहेत, माहिती सांगणाऱ्या गाईडची कानडी-हिंदी आहे. माझ्या लेखात यांतले काही नाही. मी तो लेख अल्बम उघडून लिहिला होता, हे वाचताना ताबडतोब कळते.

एवढ्यावरून कॅमेऱ्याला शत्रू ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. या विषयावर गंभीर विचार झालेला आहे. सुसान सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेने ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या पुस्तकात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. सतत कामाची सवय असलेल्या माणसांना सुटीत रिकामे राहण्याचे दडपण येते, आणि कॅमेरा त्यांना काम दिल्याचा दिलासा देतो. हे वाचले तेव्हा मला तमाम शिक्षकवर्ग आठवला. आम्हाला नुसते बसवत नाही. धबधब्यासमोरही काहीतरी ‘करीत’ राहावे लागते.

मानसशास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिले आहे. लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एका संग्रहालयातून फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या पाहायला सांगितल्या. ज्यांचे अख्खे फोटो काढले त्या वस्तू नंतर कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला तेव्हा स्मृतीची ही हानी झाली नाही. म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा नसून त्यामागच्या लक्षाचा आहे. पुढे २०१७ साली बराश, डील वगैरे संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली : स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक चांगले आठवले, पण ऐकलेले कमी आठवले. कॅमेरा डोळ्याला धार लावतो आणि त्याची किंमत कानाकडून वसूल करतो. नववीच्या वह्यांनी मला जे सांगितले होते, तेच इथे दुसऱ्या वाटेने समोर आले.

डोळ्याला धार लावण्याचे मोल थोडे नाही. इंदूर आणि हैदराबादच्या वाचकांना राजा दीनदयाळ यांचे नाव सांगायला नको. १८७४ च्या सुमारास इंदूरला नोकरीत असताना ते छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे सहाव्या निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. त्यांनी टिपलेली मध्य भारतातली मंदिरे आणि किल्ले पाहावेत. त्या काळी काचेच्या पट्ट्या, जड पेटी, तिकाटणे, सोबत हमाल. एक छायाचित्र घ्यायचे तर आधी उन्हाचा अंदाज घेत त्या वास्तूसमोर थांबणे भाग होते. यंत्राचा संथपणा माणसाला पाहायला लावत होता. आमच्या तरुणपणीच्या छत्तीस फोटोंच्या रोलनेही ते काम थोडेफार केले. छत्तीस संपले की संपले, म्हणून बोट आवरले जाई. आज बोट आवरायला बाहेरचे काही उरलेले नाही. ते आतूनच यायला हवे.

आतून येणे किती अवघड असते, हे मी माझ्या एका अनुभवावरून सांगतो.

१९९४ च्या पावसाळ्यात मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जोगला घेऊन गेलो. नोकरी नुकतीच लागली होती. पहिल्या काही पगारांतून अप्पांना कुठेतरी न्यायचे ठरवले आणि मित्राकडून कॅमेरा मागून आणला. शरावतीचा हा धबधबा सुमारे ८३० फूट कोसळतो. १९६४ साली वर लिंगनमक्कीचे धरण झाल्यापासून एरवी त्याला पाणी बेताचेच असते, पण त्या दिवशी चारही धारा भरून वाहत होत्या. राजा, राणी, रॉकेट आणि रोअरर. चौथ्या धारेचे नावच मुळी तिच्या गर्जनेवरून पडले आहे.

धुके सरकेपर्यंत आम्ही कठड्यापाशी उभे होतो. धुके सरकले तसे मी अप्पांना धबधब्याकडे पाठ करून उभे केले. होय, पाठ करून. कारण फोटोत चेहरा यायला हवा होता. ‘अप्पा, जरा डावीकडे. हां, आता हलू नका.’ अप्पा काहीतरी म्हणाले. पाण्याच्या आवाजात मला ऐकू आले नाही आणि माझे लक्षही कॅमेऱ्याच्या भिंगात होते. खटका दाबल्यावर मी जवळ जाऊन विचारले, ‘काय म्हणालात?’ अप्पा म्हणाले, ‘काही नाही. काढलास नव्हे फोटो? झालं तर.’

तो फोटो चांगला आला. अप्पांचे तोंड किंचित उघडे आहे, डोळ्यांत हसू आहे. नंतर दोन वर्षांनी अप्पा गेले. आईने तोच फोटो मोठा करून घेतला आणि तो आजही आमच्या घरात भिंतीवर आहे. हसणारे अप्पा दुसऱ्या कुठल्याही फोटोत नाहीत. तेव्हा कॅमेरा नेला ही चूक झाली, असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्या उघड्या तोंडातून कोणते शब्द बाहेर पडले, ते मला माहीत नाही. आजवर हजारदा पाहून झाला असेल तो फोटो. तो काही सांगत नाही. त्या दिवशी जोगला अप्पा एका चहावाल्याशी बराच वेळ कानडीत बोलत बसले होते, इतके आठवते. काय बोलत होते? मी तेव्हा रोल गुंडाळत होतो.

कुणी म्हणेल, आताचे फोन आवाजही टिपतात. टिपतात खरे. माझ्या फोनमधल्या एका चित्रफितीत गोकाकचा धबधबा आहे. त्यात पाण्याहून मोठा आवाज माझाच आहे : ‘मागे व्हा, मागे व्हा, कडेला कोण गेलं रे?’ यंत्राने आवाज साठवला म्हणजे माणसाने तो ऐकला असे होत नाही.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखात ही गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. बेळगाव, निपाणी, बिदरकडची मंडळी असोत किंवा हैदराबाद-इंदूरची, आपण घरात एक भाषा बोलतो आणि उंबऱ्याबाहेर दुसरी ऐकतो. आपली मराठी पुण्याच्या पुस्तकांतून जितकी आली तितकीच बाजारातून, एसटीच्या थांब्यावरून, शेजारणीच्या हाकेतून आली. कान हीच आपली मिळकत. पुण्या-मुंबईच्या लेखकाला जो पोत मुद्दाम मिळवावा लागतो, तो आपल्या मुलांना जन्मतः मिळतो. त्या मुलाच्या निबंधातून करदंटवाली बाई आणि तिची कानडी नाहीशी झाली, तर उरतो तो निबंध कुठल्याही गावच्या कुठल्याही मुलाने लिहिलेला असू शकतो. सीमाभागातल्या साहित्याबद्दल आपण परिषदा भरवतो, ठराव करतो. या नुकसानीवर कोणताही ठराव चालणार नाही.

मग करायचे काय? मी समीक्षक म्हणवून घेत असलो तरी पेशाने शिक्षक आहे, त्यामुळे उपाय सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या सहलीपासून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. ठिकाणी पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे सगळे फोन एका पिशवीत, शिक्षकांचेसुद्धा. प्रत्येकाने वहीत तीन आवाज आणि कुणाच्या तरी तोंडचे एक वाक्य लिहून घ्यायचे. मग पिशवी उघडायची आणि हवे तेवढे फोटो काढायचे. पहिल्या वर्षी एका शिक्षकांनी कुरकुर केली की, पंधरा मिनिटांत ऊन जाते. जाते खरे. पण त्या वर्षीच्या निबंधांत तीन मुलांनी एकाच म्हाताऱ्या रखवालदाराचे बोलणे तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिले होते. कुणी कानडीत, कुणी मराठीत, एकीने दोन्ही मिसळून. फोटोही नेहमीसारखेच निघाले होते. काही बिघडले नव्हते.

प्रवासलेख लिहिणाऱ्या मित्रांनाही माझी एवढीच सूचना आहे. पहिला खर्डा अल्बम मिटून लिहावा. जे फोटोशिवाय आठवते तेच तुमचे. मग अल्बम उघडून खांब किती होते आणि पायऱ्या किती होत्या ते जरूर पडताळून पाहावे. त्या कामाला फोटोसारखा इमानी साक्षीदार नाही.

आणि घरच्यांसाठी फोटो तर आणावेतच. गोडसे भटजींनी परत येताना गंगेची कावड खांद्यावरून आणली आणि आईवडिलांना स्नान घातले. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी काही आणावे, ही आपली रीतच आहे. आजची कावड फोटोची असेल तर असो. पण भटजींनी कावड उतरवून ठेवल्यावर बोलायलाही सुरुवात केली असेल, आणि घरच्यांना पाण्याइतकीच त्या बोलण्याचीही तहान असेल.

यंदा दिवाळीच्या सुटीत मुलगी आणि जावई आम्हा दोघांना जोगला नेणार आहेत. कठड्यापाशी उभे करून ते माझा फोटो काढतीलच. मी काही बोललो तर आधी ऐकून घ्या, एवढे मी त्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवणार आहे.